टर्बोचा सुस्कारा : आवाज मोठा, ताकद तेवढीच



रस्त्याने एखादी मोटार भरधाव जाते, चालक गिअर बदलतो आणि बॉनेटखालून ‘फिश्श’ असा जोराचा सुस्कारा ऐकू येतो. हा आवाज म्हणजे गाडीची ताकद, असा समज तरुणांत पसरलेला आहे. पगारातले पैसे बाजूला टाकून काही जण असा आवाज काढणारा ‘ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह’ मुद्दाम बसवून घेतात. आपल्या वस्त्यांतील कितीतरी चुली चालक, फिटर आणि गॅरेजमधील कारागीर यांच्या कमाईवर पेटतात. म्हणून या आवाजामागचे कारण आपल्याला नीट ठाऊक असले पाहिजे.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा तप्त धूर एरवी वायाच जातो. त्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील पंख्याने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची, हे टर्बोचे काम. लहान मोटारीत हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. हवा जास्त मिळाली की इंधनही जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करते. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली, २०१३ साली आलेली पोलो जीटी टीएसआय आणि २०१७ साली आलेली, पुण्याजवळच्या रांजणगावात बनणारी टाटा नेक्सॉन पेट्रोल, या दोन्हींत अवघ्या १.२ लिटरच्या इंजिनाला टर्बो जोडलेला आहे.

आता अडचण कोठे येते? पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. चालकाने रेस सोडली की ती मिटते. टर्बोचा पंखा मात्र त्याच क्षणी थांबत नाही. तो हवा दाबतच राहतो. ही दाबलेली हवा मिटलेल्या झडपेवर आदळते, मागे फिरते आणि पंख्यावर उलटी येऊन थडकते. त्या वेळी ‘सुतुतुतु’ असा फडफडाट ऐकू येतो. त्यामुळे पंख्याची गती मोडते, बेअरिंगवर ताण येतो आणि पुन्हा रेस दिल्यावर पिकअप उशिरा मिळतो.

यावर उपाय म्हणून हा व्हॉल्व्ह असतो. त्यात एक स्प्रिंग आणि रबरी पडदा किंवा पिस्टन असतो. थ्रॉटलच्या पलीकडून, म्हणजे इंजिनाच्या बाजूने, एक बारीक नळी त्याला जोडलेली असते. रेस चालू असताना दोन्ही बाजूंना दाब जवळपास सारखा असतो, म्हणून स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद ठेवते. रेस सोडताच इंजिनाच्या बाजूला हवेची ओढ निर्माण होते, पडदा खेचला जातो, व्हॉल्व्ह उघडतो आणि अडकलेली हवा सुटते.

ही हवा कोठे सोडायची, यावर आवाज अवलंबून असतो. कंपनीच्या बहुतेक गाड्यांत ती नळीने पुन्हा टर्बोच्या तोंडाशी नेतात; म्हणून आवाज फारसा येत नाही. तीच हवा उघड्यावर सोडली की ‘फिश्श’ होते. कुकरच्या शिट्टीतून निघून गेलेली वाफ डाळ शिजवीत नाही; तसेच बाहेर गेलेली हवा गाडी ओढत नाही. उलट ज्या गाड्यांत हवा टर्बोच्या आधी मोजली जाते, तेथे बाहेर गेलेली हवाही हिशेबात धरली जाते. तिच्या मापाने इंधन पडते, इंजिन क्षणभर अडखळते, काळा धूर निघतो आणि पेट्रोल फुकट जाते.

डिझेल गाडीवाल्यांनी तर अधिक सावध राहावे. डिझेल इंजिनाची ताकद इंधन कमी-जास्त करून सांभाळली जाते. रेस सोडताच हवा कोंडणारी झडप तेथे सहसा काम करीत नाही. म्हणजे त्या गाडीला या व्हॉल्व्हची गरजच नसते. डिझेलसाठी म्हणून जे संच विकले जातात, ते केवळ आवाजाचे खेळणे होय. एस.टी. किंवा ट्रक थांबताना येणारा ‘फुस्स’ही वेगळा, तो एअर ब्रेकच्या हवेचा असतो.

कारागिरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टर्बो पेट्रोल गाडी ओढत नसेल, तर टर्बो बदलण्याचा मोठा खर्च सांगण्यापूर्वी हा व्हॉल्व्ह आणि त्याची नळी तपासावी. पडदा फाटला की दाब गळतो आणि पिकअप मरतो. मूळ भाग बदलून बिघाड झाल्यास कंपनी वॉरंटी नाकारू शकते. शिवाय आवाज व धूर यांच्या मानकांचा भंग केल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० खाली शिक्षा होऊ शकते. मालकाच्या गाडीवर असा भाग चढवला, तर ठपका चालकावर येतो, हेही विसरू नये.

केवळ ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. गॅरेजमध्येही तोच लागू पडतो. आवाजावर पगार उधळण्यापेक्षा त्या पैशात चांगले पाने घ्यावेत, इंजिनाचे एखादे पुस्तक घ्यावे, आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या शिक्षणाची फी भरावी. ज्याला आवाजाचे कारण कळते, तोच पुढे मिस्त्री होतो.