गळतीचे आठवडे

केशरोपणाची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, कलमे नीट बसली, दहाव्या दिवसाच्या सुमारास खपल्या धुऊन निघाल्या आणि रुग्ण आरशासमोर उभा राहून कपाळावरच्या नव्या खुंटांवरून हलकेच बोट फिरवू लागला, की आपले काम संपले असे आमच्या व्यवसायबंधूंपैकी पुष्कळांना वाटते. वस्तुतः रुग्णाला चिकित्सकाची खरी निकड भासते तो काळ तेथूनच सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रोपलेले केस गळू लागतात, सहाव्या आठवड्यापर्यंत त्यांतील बहुतेक नाहीसे होतात, आणि पदरचे पैसे मोजून झाकलेले कपाळ पूर्ववत उघडे पडते. या अवस्थेची पूर्वसूचना रुग्णास बहुधा तोंडी, घाईघाईने आणि भुलीची तयारी चालू असताना दिली जाते, ही आमची तक्रार आहे.

शरीरक्रियेच्या दृष्टीने यात गूढ असे काही नाही. डोक्याच्या मागील भागातून सोडवून घेतलेला केशकूप काही तास रक्तपुरवठ्यावाचून राहतो. नव्या छिद्रात बसविल्यावरही आरंभीचे दोन-तीन दिवस तो भोवतालच्या द्रवातून झिरपणाऱ्या पोषणावर तग धरतो, आणि मगच सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी त्याचे संधान जुळू लागते. अशा ओढगस्तीत केस वाढवीत राहणे त्याला परवडत नाही. तो वाढीची अवस्था मुदतीपूर्वीच आटोपती घेऊन विश्रांतीत शिरतो, वरचा केस टाकून देतो, आणि मूलपेशी व बुडाचा पॅपिला एवढे भांडवल त्वचेखाली सांभाळून राहतो. ही विश्रांती केसाच्या एरवीच्या विश्रांतिकाळाइतकीच (टेलोजेन), म्हणजे सुमारे तीन महिन्यांची असल्यामुळे नवा केस तिसऱ्या-चौथ्या महिन्याआधी सहसा वर येत नाही. काही थोड्या कलमांतील केस न गळता वाढत राहतात, पण त्यांच्या भरवशावर कोणास आश्वासन देऊ नये. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ साली न्यूयॉर्क येथे ही शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला आणि १९५९ साली असा सिद्धांत मांडला की, रोपलेला केस नव्या जागेचे नव्हे तर मूळ जागेचे गुणधर्म राखतो. या सिद्धांताचा प्रत्यय नव्या जागेत उगवलेल्या केसावरूनच येऊ शकतो; पहिल्या महिन्यात कपाळावर दिसणारा केस हा तर मागल्या जागेतच वाढलेला असतो. नव्या जागेने स्वतः पोसलेला पहिला केस चौथ्या महिन्यातला. तेव्हा शस्त्रक्रियेच्या यशापयशाचा निवाडा गळून जाणाऱ्या केसांवरून करणे हे मुळातच अस्थानी आहे.

रुग्णाला हे पटविण्यासाठी व्याख्यानापेक्षा साधे भिंग अधिक उपयोगी पडते. तो कागदाच्या पुडीत किंवा रिकाम्या काडेपेटीत गळलेले केस जपून घेऊन येतो, आणि त्यांच्या टोकाशी असलेला पांढुरका, गाठीसारखा फुगीर भाग दाखवून ‘डॉक्टर, मुळासकट आले हो’ असे खोल गेलेल्या आवाजात सांगतो. ती गाठ म्हणजे विश्रांतीतल्या कोणत्याही केसाचे नेहमीचे टोक होय. कलम निसटले असते तर केसाभोवती ओलसर, चकाकणाऱ्या ऊतींचे वेष्टन दिसले असते, आणि ते निसटताना छिद्रातून रक्त आले असते. रक्त आले नसेल तर कलम जागेवर आहे, हे वाक्य प्रत्येक रुग्णास लेखी द्यावे. रॉबर्ट बर्नस्टीन व विल्यम रासमन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, चिकटलेली खपली ओढल्यास आठव्या दिवसापर्यंत कलम निघून येण्याचा संभव राहतो, नवव्या दिवसापासून तो उरत नाही. त्यापूर्वी शिरस्त्राण घालू नये हे ओघानेच आले.

रोपलेल्या केसांची गळती आणि शेजारच्या मूळ केसांची गळती यांत मात्र गल्लत होता कामा नये. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने आधीचे केसही गळतात. त्यांतील सशक्त केस काही महिन्यांत परततात, परंतु आनुवंशिक टकलेपणामुळे जे आधीच बारीक होत चालले होते त्यांच्यापैकी काही कायमचे जातात. तेविशी-चोविशीतल्या तरुणाच्या विरळ पण शाबूत माथ्यावर दाटीने कलमे लावणारा शस्त्रवैद्य कधी कधी जितके देतो जवळजवळ तितकेच घालवितो, आणि हा हिशेब रुग्णाला कोणी दाखवीत नाही. अशा रुग्णास आधी औषधोपचारावर ठेवून थांबविणे हेच शहाणपणाचे, मग तो दुसऱ्या दवाखान्यात निघून गेला तरी बेहत्तर.

रुग्णाची समजूत घालताना भाताच्या लावणीचा दाखला देण्याची आपल्याकडे रूढी आहे: उपटून लावलेले रोप प्रथम पिवळे पडते, मग धरते. दाखला वाईट नाही, पण त्याचा एक अनर्थ आम्ही वारंवार पाहतो. पिवळ्या रोपाला खत घालावे हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे तो माणूस डोक्यालाही खत घालू लागतो; कांद्याचा रस, एरंडेल, जाहिरातीतल्या गोळ्या, शेजाऱ्याने सुचविलेला लेप, यांतून एखाद्या वेळी त्वचेचा दाह तेवढा पदरात पडतो. विश्रांतीतल्या केशकूपास यांपैकी कशानेही जागे करता येत नाही.

मुहूर्ताचा प्रश्न याहून नाजूक. वैशाखात लग्न ठरलेला वर माघात किंवा फाल्गुनात दवाखान्यात हजर होतो, आणि ‘दोन महिन्यांत होईल ना?’ असे विचारतो. दोन महिन्यांनी त्याचे कपाळ अगदी रिकामे, वर कदाचित लालसर असेल, आणि बोहल्यावरच्या छायाचित्रांत ते तसेच उतरेल. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. चौथ्या महिन्यात उगवलेला केस सहाव्या महिन्यात जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा, तोही बारीक आणि कित्येकदा वाकडातिकडा असतो. लग्नाआधी किमान एक वर्ष, नाही तर लग्नानंतर, एवढेच उत्तर सचोटीचे आहे, आणि ते देण्यास कचरणारे पुष्कळ आहेत.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली केशरोपणासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत करून पडद्यावरची चित्रे पाहून ही विद्या येत नाही, असे बजावले, हे उचितच झाले. परंतु अर्हतेची अट पाळणाऱ्या दवाखान्यांतही चौथ्या आठवड्याची आणि तिसऱ्या महिन्याची तपासणी टळते, कारण त्या वेळी करण्याजोगे काही नसते अशी समजूत आहे. करण्याजोगे पुष्कळ असते. तिसऱ्या महिन्याच्या आसपास नवे केस वर येताना टाळूवर पुटकुळ्या उठतात. थोड्या असतील तर कोमट पाण्याचा शेक पुरतो, वाढत असतील तर पू तपासून औषध द्यावे लागते. काळसर, सुकत चाललेला चट्टा मात्र पहिल्याच आठवड्यांत ओळखला पाहिजे, कारण तो त्वचेच्या मृत्यूचा निदर्शक असू शकतो, आणि गळती समजून त्याकडे काणाडोळा झाल्यास तेथे व्रण उरतो. प्रत्येक भेटीत एकाच उजेडात, एकाच कोनातून छायाचित्र काढून दप्तरी ठेवावे. भोवऱ्याकडील भागास पुढील भागापेक्षा अधिक अवधी लागतो; तेथील परिणाम पंधराव्या, कधी अठराव्या महिन्यापर्यंत पुरता दिसत नाही, म्हणून तत्पूर्वी दुसरी शस्त्रक्रिया मागणाऱ्यास, त्याने आगाऊ रक्कम पुढे केली तरी, नकार द्यावा.