येत्या भारत पौर्णिमेपर्यंत

जोयडा तालुक्यातल्या जंगलात, नदीकाठी आणि डोंगरमाथ्यावर ज्यांनी पैसा लावलाय किंवा लावायचा बेत चालवलाय, आणि बेंगळुरूत वा कारवारात बसून ज्यांच्या सहीने तो लागतो, त्या सगळ्यांसाठी उळवीहून हा इशारा. विनंत्या आमच्या वाडवडलांनी केल्या, आम्हीही केल्या. त्यांच्या पोचपावत्या घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत पडून आहेत. आता मुदत घालतो आहोत. माघातल्या भारत पौर्णिमेला इथे चन्नबसवेश्वराची जत्रा भरते. धारवाड, बेळगाव, गदगकडून बैलगाड्यांच्या रांगा जंगल तुडवत उळवीला येतात. त्या दिवसापर्यंत आम्हाला लेखी उत्तर हवं.

लिहिणारा हात एकाचा आहे, पण बोलणं गावागावांतलं आहे. उत्तर कशाचं हवं, ते कळायला आधी बांबूची गोष्ट ऐका.

१९५५ साली दांडेलीच्या कागद कारखान्याची कंपनी उभी राहिली आणि सरकारने कारवार जिल्ह्यातला बांबू तिला द्यायचं कबूल केलं. दर टनाला अवघा रुपया-दीड रुपया. सूप, रोवळी, कणगी विणून पोट भरणाऱ्या मेदाराला, म्हणजे आपल्या बुरुडाला, तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तो हा प्रकार. जंगल आमचं, औदार्य सरकारचं. पुढे बेटं विरळ होऊ लागली, बुरुडांनी ओरड केली, तेव्हा १९७०च्या दशकात सरकारने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या माधव गाडगीळांना चौकशी करायला सांगितलं. वनखात्याचं आणि कारखान्याचं उत्तर तयार होतं: गावकऱ्यांची गुरं कोंब खातात, म्हणून बांबू संपतो.

पुण्याच्या या माणसाने कचेरीतलं उत्तर बाजूला ठेवलं आणि बेटं जवळून पाहिली. काटेरी बांबूच्या बुंध्याभोवती फांद्यांचं असं जाळं असतं की आत घातलेला हात रक्त काढल्याशिवाय बाहेर येत नाही. पावसाळ्यात जमिनीतून वर येणारा कोंब त्या काट्यांच्या आडोशाला वाढतो. गुरांना, सांबराला, कुणालाच तिथे तोंड घालता येत नाही. गावचा माणूस काठी काढतो तेव्हा त्या जाळ्याला हात लावत नाही. कारखान्यासाठी तोडणाऱ्यांनी मात्र बुंध्यापासून बांबू मिळावा म्हणून काटेच साफ केले. बेट उघडं पडलं, कोंब उघडे पडले, आणि मग गुरांनी ते खाल्ले. इथला बांबू संपला तसे ट्रक दूरच्या राज्यांकडे वळले. आम्ही इथेच राहिलो, आणि खापरही आमच्याच डोक्यावर राहिलं.

एवढ्या बारकाईने हे सांगतोय, कारण पुढचं सगळं याच वळणाने गेलं. नफा काढणारा काटे साफ करतो, नुकसान झालं की इथे राहणाऱ्याकडे बोट दाखवतो आणि निघून जातो.

काळी नदी याच तालुक्यात डिग्गीच्या बाजूला उगम पावते. तिच्यावर १०१ मीटर उंचीचं सुपा धरण बांधलं, काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं सुपा गाव बुडवलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला नेली, माणसं रामनगरच्या माळावर नेऊन टाकली. वीज राज्यभर गेली. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभं राहून १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. त्या गोष्टीला साठ वर्षं उलटल्यावरही सुप्याच्या माणसाला विचारणारं कुणी नव्हतं. आता त्याच धरणाच्या सोडलेल्या पाण्यावर गणेशगुडीला रबरी होड्यांचा खेळ चालतो, काठाकाठाने रिसॉर्ट उठतात, आणि बुडालेल्या गावच्या नातवाने तिथे पाहुण्यांची ताटं उचलायची, त्याला रोजगार म्हणायचं.

आणि आता वाघ. वाघाशी आमचं वैर नाही. आमच्या देवराईत वाघाला देव म्हणून पूजतात. २००७ साली दांडेली-अणशी व्याघ्रप्रकल्प झाला, २०१५ साली त्याला काळीचं नाव मिळालं. त्यातल्या घरांना सांगतात, स्वखुशीने बाहेर पडा, कुटुंबाला १५ लाख मिळतील. स्वखुशी कशी घडवतात ते आम्ही रोज पाहतो. रस्ता डांबरी होत नाही, दिव्याचा खांब येत नाही, शाळेत मास्तर टिकत नाही, आणि मग माणूस आपणहून सही करतो. वनहक्क कायद्याचं कलम ४(५) मात्र साफ सांगतं की हक्क ठरवण्याची प्रक्रिया पुरी झाल्याशिवाय कुणालाही हुसकता येणार नाही.

ती प्रक्रिया कशी चालते, तेही सांगतो. माझ्या वडलांचा दावा एका कचेरीतून तीनदा परत आला. ७५ वर्षांच्या वहिवाटीचा कागद आणा, म्हणाले. आजोबा कुमरी करत. डोंगराचा तुकडा भाजून नाचणी पेरायची, दोन-तीन वर्षांनी तो रान व्हायला सोडून द्यायचा. इंग्रजांनी ती कुमरी बंद पाडली, कारण त्यांना साग हवा होता. ज्या शेतीला गुन्हा ठरवलं, तिची पावती कोण देणार होतं? कायद्याच्या नियमात गावातल्या वृद्धांचा जबाबही पुरावा म्हणून धरलाय. वडील दोन म्हाताऱ्यांना घेऊन गेले. त्यांना व्हरांड्यात बसवून ठेवलं, संध्याकाळी कचेरी बंद झाली.

घाटाखाली गोव्यात आम्हा कुणब्यांचेच सोयरे आहेत. आडनावं तीच, देव तेच, लग्नातली गाणी तीच. २००३ साली तिथे कुणबी, गावडा आणि वेळीप अनुसूचित जमाती ठरले. जोयड्यातला कुणबी ठरला नाही, म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे त्या ७५ वर्षांचा, पुरावा त्याच्याकडूनच मागतात. भावाभावांत राज्याची सीमा आली आणि एकाचा हक्क सीमेवर अडला.

हे सगळं उळवीहूनच का लिहितोय? कर्नाटकातल्या कल्याणला बाराव्या शतकात शरणांनी, म्हणजे शिवभक्त संतांनी, जी उलथापालथ केली, तिची शेवटची माणसं चन्नबसवण्णांच्या, म्हणजे आमच्या चन्नबसवेश्वराच्या, मागे याच रानात आली. चांभाराच्या मुलाचं ब्राह्मणाच्या मुलीशी लग्न लावलं म्हणून तिथे देहदंड झाला होता. शरणांच्या सभेत, अनुभव मंटपात, चांभार, धोबी, नावाडी बसत, आणि मेदार केतय्याही बसे, बांबूच्या टोपल्या विणणारा. कायक म्हणजे हाताने केलेलं काम, दासोह म्हणजे त्या कामाचं फळ सगळ्यांच्या पानात. दोन्ही शब्द जत्रेतल्या पंगतीत आजही ऐकू येतात. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणायचा. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त आणले, तर बायकोने, लक्कम्माने, त्याला परत पाठवलं: आपल्या गरजेपुरते ठेव, बाकीचे जिथले तिथे नेऊन टाक. कंपन्यांचे मोठमोठे अहवाल मी वाचलेत. किती घेतलं म्हणजे पुरे, हा लक्कम्माचा प्रश्न त्यात कुठे सापडला नाही.

सुधारणा मालकांच्या मनाला पाझर फुटून होत नाही. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी हजारो कामगार मैदानात उभे केले म्हणून. आणि बांबूचंच उदाहरण हवं असेल तर गडचिरोलीतलं मेंढा-लेखा घ्या. तिथलं जंगलही कागद कारखान्याच्या तोंडी दिलेलं होतं. गावाने २००९ साली १८०९ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळवला, आणि एप्रिल २०११मध्ये केंद्राचे मंत्री जयराम रमेश गावात येऊन बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. गडचिरोलीत जे कायद्याने झालं ते जोयड्यात होत नाही, कारण इथे कुणाला ते व्हायला नको आहे.

तेव्हा मागणी ऐका. तालुक्यात पडून असलेला प्रत्येक वनहक्क दावा ग्रामसभेसमोर, वृद्धांचे जबाब घेऊन, पुन्हा चालवा. तो संपेपर्यंत एकाही घराच्या स्थलांतराच्या कागदावर सही घेऊ नका, आणि घेतलेल्या सह्या ग्रामसभेत उघड करा. कुणब्यांच्या जमातीचा प्रश्न दिल्लीला कुठे अडलाय ते लेखी कळवा. कारखाना, धरण, रेल्वे वा रिसॉर्ट, नव्या कामाचा कागद आधी ग्रामसभेत येऊ द्या, कन्नडमध्येही आणि आमच्या मराठी-कोंकणीतही. काळीचं पाणी आणि वीज विकून येणाऱ्या पैशातला हिस्सा विस्थापितांच्या नावे कायम बांधून द्या. शेवटची मागणी सगळ्यात जुनी आहे, आणि तिच्यात आम्ही पैशाचीही सूट देणार नाही.

उत्तर आलं नाही तर काय होईल, तेही आधीच सांगून ठेवतो. पाठीमागून वार करायची रीत आमच्यात नाही. पौर्णिमेला जत्रेत हे पत्र कन्नड आणि मराठीत मोठ्याने वाचलं जाईल, आणि कुणी उत्तर दिलं नाही त्यांची नावं त्यासोबत. गाड्या परतीला लागतील तेव्हा ती शे-दोनशे गावांत पोचलेली असतील. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ग्रामसभा ठराव करायला बसतील. ओडिशातल्या नियमगिरीला बाराही ग्रामसभांनी २०१३ साली बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयानेच त्यांना ते विचारायला लावलं होतं, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्याच तालुक्यातून गोव्यात उतरणाऱ्या कॅसलरॉक-कुळे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली परवानगी मे २०२२मध्ये त्याच न्यायालयाने रद्द केली, हेही ठाऊक आहे. जमिनीचा एकही तुकडा बाहेरच्याला विकला जाणार नाही. जो विकेल त्याच्या दारात गाव बसेल. रिसॉर्टला पोरं कामावर जाणार नाहीत, होड्या वल्हवणार नाहीत, वाट दाखवणार नाहीत. झाडाला, वाघाला, सरकारी माणसाच्या अंगाला कुणी हात लावणार नाही. लावला तर तो आमचा नव्हे, आणि त्याला आम्हीच पकडून देऊ.

तरुण पोरं विचारतात, एवढ्याने ते ऐकतील का? त्यांना थोपवून धरायला माझ्यासारख्यांना ही एक जत्रा पुरेल, पुढची पुरेल असं मी लिहून देऊ शकत नाही.

उत्तर घेऊन येणाऱ्याने जत्रेच्या दिवशी दासोहाच्या मंडपात यावं. आधी पंगतीला बसावं, मग कागद काढावा. जबाब द्यायला व्हरांड्यात बसवलेल्या त्या दोघांपैकी एक म्हातारा अजून आहे. कागद त्याच्या हातात द्यायचा आहे.