नखुल्यांचा पास्ता आणि सूर्यास्तापूर्वीचे पान

आळेफाट्याहून नगरकडे जाणारा रस्ता घाट चढून आण्याच्या पठारावर येतो, तेव्हा थोडक्या अंतरात शेतीचा रंग पालटतो. खाली कुकडीच्या पाण्यावर वाढणारे, बांबू आणि तारेच्या आधाराने उभे केलेले टोमॅटोचे मळे. वर पावसाच्या भरवशावरची बाजरी, ज्वारी आणि मोकळे माळ. महामार्गालगतच्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर मात्र खाली काय आणि वर काय, सारखीच अक्षरे दिसतात. ‘जैन पावभाजी’च्या शेजारी आता ‘जैन पिझ्झा’ आणि ‘जैन पास्ता’ येऊन बसले आहेत.

या पाट्यांनी व्यापारी घरांतील सायंकाळ थोडी अवघड केली आहे. पेठेत गिऱ्हाइकांची गर्दी नेमकी दिवेलागणीला होते. चौविहार पाळणाऱ्या आजीचे पान त्याआधीच उठलेले असते, दुकान आवरून येणारा मुलगा नऊ वाजता डबा उघडतो आणि मधल्या वेळी शाळेतून, शिकवणीतून परतलेल्या नातवंडांना पाकिटातला पास्ता हवा असतो. एका घरात तीन जेवणे होतात आणि तिन्ही वेगवेगळी. मुले बाहेरचे खातात ही तक्रार घरोघरी ऐकू येते. परंतु मुलांना जे आवडते ते आजीच्या पानात वाढण्याजोगे करता येईल काय, याचा विचार क्वचितच होतो. तो केला तर असे आढळते की, इटलीच्या घरगुती स्वयंपाकाचा गाभा मराठी माजघराला मुळीच परका नाही.

आधी ‘जैन’ या पाटीचा अर्थ पाहू. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ कांदा-लसूण वगळले, एवढाच असतो. बाटलीबंद रसात लसणाची पूड असते, पिझ्झ्याची कणीक यीस्ट घालून आदल्या दिवशी मळलेली असू शकते आणि परदेशी रुंद पट्ट्यांच्या पास्त्यात पुष्कळदा अंडे असते. चीजची गोष्ट याहून नाजूक आहे. पार्मिजानो रेज्जानो हे इटलीचे प्रसिद्ध चीज तिथल्या नियमांप्रमाणे वासराच्या जठरातील रेनेटनेच विरजावे लागते. त्यास पर्याय नाही. म्हणून चीज घ्यायचेच असेल तर हिरवा ठिपका आणि घटकांची यादी दोन्ही वाचल्याखेरीज ते घरात आणू नये. वास्तविक घरी लिंबावर फाडलेल्या दुधाचा ताजा, मऊ छाना इटालियन रिकोटाच्या बराच जवळ जातो. चीजचा डोंगर रचला म्हणजे पदार्थ इटालियन होतो, हा समज बाजाराने रुजवलेला आहे. इटलीतील गरीब गावांना तो परवडण्याजोगा कधीच नव्हता.

दक्षिण इटलीचा पास्ता म्हणजे कठीण गव्हाचा रवा आणि पाणी. अंडे उत्तरेच्या प्रांतांत घालतात, दक्षिणेत नाही. पुलिया प्रांतातील बायका या पिठाचे लहान लहान गोळे अंगठ्याने दाबून कानाच्या आकाराची फुले करतात. हे वर्णन वाचून कोणाही मराठी गृहिणीस नखुल्या आठवतील. लग्नाच्या रुखवतात मांडले जाणारे गव्हले, मालत्या, बोटवे आणि नखाने दाबून केलेल्या नखुल्या हा आपला हातचा पास्ताच आहे. खीर करण्यापलीकडे त्याचा उपयोग होऊ शकतो, हे मात्र आपण विसरलो. गहूही परका नाही. दख्खनचा जुना बन्सी गहू हा त्याच ड्युरम जातीचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तयार केलेला ‘एमएसीएस ४०२८’ हा ड्युरम वाण असून त्यात सुमारे १४.७ टक्के प्रथिने आहेत. आणि आपली खपली म्हणजे इटलीत ‘फारो’ या नावाने कौतुकाने खाल्ला जाणारा गहू.

पाच माणसांसाठी दोन वाट्या बारीक बन्सी रवा आणि एक वाटी कणीक घ्यावी. चवीपुरते मीठ घालून कोमट पाण्याने पुरीच्या कणकेहून घट्ट मळावे आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे. रवा फुगला की पुन्हा चांगले मळून करंगळीएवढ्या वळ्या कराव्यात, हरभऱ्याएवढे तुकडे कापावेत आणि प्रत्येक तुकडा अंगठ्याने पोळपाटावर दाबून आपल्याकडे ओढावा. त्याची आपोआप वाटी होते. पहिल्या वीसेक नखुल्या वेड्यावाकड्या होतात, मग हाताला लय सापडते. मुलांना या कामास बसवावे. नखुल्या वळणारे मूल पाकिटाची आठवण काढीत नाही. भरपूर उकळत्या, खारट पाण्यात त्या सोडल्या की वर तरंगतात. त्यानंतरही तीन-चार मिनिटे शिजू द्याव्यात आणि एक फोडून मध्ये पांढरा ठिपका राहिला नाही ना, ते पाहावे. ओली कणीक दुसऱ्या दिवसासाठी ठेवणे आपल्या घरात चालत नाही, तेव्हा लागेल तेवढेच पीठ भिजवावे. कडक उन्हाळ्यात खडखडीत वाळवलेल्या नखुल्या डब्यात भरून ठेवता येतात. वेळ नसेल तर विकतचा वाळलेला पास्ताही चालेल. मात्र तो मैद्याचा नव्हे, ड्युरम गव्हाच्या रव्याचा असावा. मैद्याचा पास्ता पाण्यातच लिबलिबीत होतो.

आता रस. येथे जुन्नर तालुक्याला मागे टाकील असा मुलूख शोधावा लागेल. नारायणगावचा टोमॅटो बाजार व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. २०२३ च्या जुलैत किरकोळ बाजारात टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली होती आणि याच पट्ट्याने भाव पडल्यावर टोमॅटो रस्त्याकडेला ओतलेलेही पाहिले आहेत. नाणेघाटातून माल ये-जा करीत होता आणि जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांची नावे कोरली जात होती, त्या काळी रोमलाही टोमॅटो माहीत नव्हता आणि जुन्नरलाही. तो अमेरिकेतून आला. इटलीत टोमॅटोच्या चटणीची कृती सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्सच्या अंतोनियो लातिनीच्या पाकग्रंथात दिसते. पास्ता आणि टोमॅटो यांची जोडी जमायला त्यानंतरही सुमारे शतकभर गेले. म्हणजे ज्याला आपण सनातन इटालियन समजतो, ती चव तिथेही पाहुणीच होती.

दूरच्या बाजारपेठेपर्यंत टिकावा म्हणून आजचा संकरित टोमॅटो जाड सालीचा असतो. ती साल रसात राहिली की तोंडात कागदासारखी लागते. इटलीत साली-बिया काढण्यासाठी हाताने फिरवायची एक चाळणी घरोघर असते; आपल्याकडे तिचे नाव पुरणयंत्र. एक किलो लालभडक, पिकलेले टोमॅटो अर्धे चिरून, पाणी न घालता झाकण ठेवून दहा मिनिटे शिजवावेत आणि पुरणयंत्रातून काढावेत. बियांभोवतीचा गर टाकू नये, चवीचा मोठा भाग त्यातच असतो.

कांद्याविना रसाला अंग कसे येणार, हा नेहमीचा प्रश्न आहे. कांदा रसात दोन कामे करतो, गोडवा देतो आणि दाटपणा आणतो. ही दोन्ही कामे लाल भोपळा करतो. वाटीभर किसलेला भोपळा दोन चमचे तेलावर मंद आचेवर पार विरघळेपर्यंत परतावा. त्याआधी तेलात दोन चिमटी चांगला हिंग आणि जाडसर कुटलेली दहा-बारा मिरी फुलू द्यावी. लसणाचा जो खमंगपणा हवा असतो तो यातून येतो. नंतर टोमॅटोचा रस, मीठ आणि पाव चमचा चुरडलेला ओवा घालावा. ओव्यातील थायमॉल हेच युरोपातील थाइमच्या वासाचे मूळ असल्याने, परदेशी सुक्या पानांच्या बाटलीसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. यापुढे पंचवीस मिनिटे घाई करू नये. झाकण न ठेवता रस रटरटू द्यावा. कडेने तेल सुटले आणि उलथन्याने ओढलेली रेघ क्षणभर तशीच राहिली, म्हणजे तो झाला. आंबट वाटल्यास गुळाचा लहानसा खडा पुरे. साखर घातली की चव सरबती होते.

शेवटी पाने. उन्हाळ्यात सरबतात घालतो त्या सब्जाचे रोप परसात किंवा कुंडीत असेल, तर त्याचीच चार पाने नीट निवडून, हाताने तोडून वरून टाकावीत. इटलीचे बॅसिल ते हेच. चातुर्मासात ज्यांना पालेभाजीचा त्याग असतो त्यांनी ती सोडावीत, ओवा पुरेसा आहे. नखुल्या गाळताना वाटीभर पाणी राखून ठेवावे आणि रसात नखुल्या मिसळताना ते थोडे थोडे घालावे. त्या पाण्यातील पिठूळपणामुळे रस नखुल्यांना धरून राहतो, ताटात वेगळा वाहत नाही.

आणे गावाचे नाव पंचक्रोशीत रंगदास स्वामींच्या यात्रेमुळे आणि तिथल्या आमटी-भाकरीच्या महाप्रसादामुळे घेतले जाते. गरम आमटीत कुस्करलेली भाकरी हे या कोरड्या पठाराचे थंडीतील सुख. तोस्काना प्रांतातही असेच एक सुख आहे. टोमॅटोच्या पातळ रसात पाव कुस्करून, वरून ऑलिव्ह तेलाची धार सोडून तिथे घरचे सगळे ते चमच्याने खातात. तिथला पाव शिळा असतो, तो आपल्याला चालणार नाही. पण दुपारची ज्वारीची भाकरी सायंकाळी तव्यावर कडक करून चालते. वरच्याच रसात दुप्पट पाणी घालून उकळावा, भाकरीचे तुकडे घालून झाकून ठेवावे, पाच मिनिटांनी वर कच्च्या शेंगदाणा तेलाची धार आणि मिरपूड घालावी. पाहुण्यांना दाखवावे असे त्याचे रूप नाही, चव मात्र आहे. बाजरीच्या भाकरीने रस काळपट होतो, तेव्हा येथे ज्वारीच बरी.

वरणफळे तर निराळी सांगायलाच नकोत. रोमकडे हरभऱ्याच्या पातळ रश्श्यात पास्ता शिजवतात आणि त्यात मिरपूड घालतात. आपली वरणफळे करताना फोडणीत लाल तिखटाऐवजी मिरी आणि ओवा घातला की तेच होते. एवढेच लक्षात ठेवावे की, ताटात डाळ असल्याने सोबत कच्चे दही घेऊ नये. द्विदलाचा दोष लागतो.

आठम-चौदसीला भाजी नाही, टोमॅटो नाही, त्या दिवशी काय? रोमच्या घरांत रव्याच्या चकत्या करतात, त्या कामी येतात. तिथे त्यात अंड्याचा बलक पडतो, परंतु तो वगळल्याने काही बिघडत नाही. एक लिटर दूध तापवून त्यात मीठ, किसलेले जायफळ आणि दोन चमचे तूप घालावे. २५० ग्रॅम रवा एका हाताने पावसासारखा सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. गुठळी झाली की मग इलाज नाही. सात-आठ मिनिटांत गोळा पातेल्याची कड सोडतो. तूप लावलेल्या ताटात बोटाच्या पेराएवढा जाड थापून निवू द्यावा, वाटीने चकत्या कापाव्यात आणि तव्यावर तूप सोडून दोन्ही बाजूंनी सोनेरी कराव्यात. आजीला दातांचा त्रास असेल तर हा पदार्थ तिला पास्त्यापेक्षाही सोयीचा.

वेळेचा हिशेब मात्र आधी मांडावा लागतो. ज्येष्ठात सूर्य सातनंतर मावळतो, तेव्हा सवड असते. मार्गशीर्षात तो सहाच्या सुमारासच जातो. थंडीत रस चारला चुलीवर ठेवावा, तो रटरटत असतानाच नखुल्या वळाव्यात आणि पाच वाजता त्या उकळीत पडाव्यात. सव्वापाचला आजी आणि नातवंडे एका पंगतीला बसतात आणि त्यांच्या पानात एकच पदार्थ असतो. दुकानावरचा माणूस त्या वेळी गादी सोडू शकत नाही. त्याला डबा पाठवावाच लागतो. डब्यात नखुल्या सुकून एकमेकींना चिकटतात. म्हणून त्याच्यासाठी रस वेगळ्या डब्यात, थोडा पातळ ठेवावा आणि नखुल्यांना तेलाचा हात लावून त्या वेगळ्या भराव्यात. रव्याच्या चकत्या असतील त्या दिवशी ही खटपट नाही. त्या थंडही चांगल्या लागतात आणि गल्ल्याशेजारी उभ्याउभ्या, माप देता-घेता, सूर्य मावळण्याआधी खाऊन होतात.