एका घरामागे दहा घरं

दिवाळीच्या आठवड्यात एखाद्या बालगृहाच्या अधीक्षकांना फोन करून पाहा. ‘मुलांना फराळ द्यायला यायचं होतं’ असं म्हटलं की पलीकडून बहुधा उत्तर येतं, ‘त्या दिवशी आधीच तीन कार्यक्रम आहेत हो.’ बँकेचे कर्मचारी, कुठलंसं मित्रमंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ. मुलं सकाळपासून नवे कपडे घालून सतरंजीवर बसलेली असतात. प्रत्येक पाहुण्यांसमोर तेच स्वागतगीत म्हणतात, चकलीची पाकिटं घेतात आणि फोटोला उभी राहतात. (अशा मुलांची ओळख पटेल असे फोटो छापायला बाल न्याय कायद्याने बंदी आहे, हे पाहुण्यांना ठाऊक नसतं आणि अधीक्षकांना सांगायचा संकोच वाटतो.) दोन महिन्यांनी नाताळ येतो, तेव्हा आपली, ख्रिस्ती लोकांची पाळी. सांताक्लॉज, केक, कॅरल. जानेवारीपासून सगळी सामसूम, आणि जूनमध्ये वह्या-दप्तरांसाठी अधीक्षक पुन्हा दारोदार.

यात कुणाची दानत वाईट नाही. पण सुट्टीत बालगृहात उरतात कोण? ज्यांना आई आहे, आजी आहे, निदान एखादा मामा आहे, ती मुलं परवानगी काढून चार दिवस घरी जातात. न्यायला कुणीच येत नाही, ती मागे राहतात. त्यांना लाडू कमी पडत नाहीत.

यंदाचा अंक मुलांवर काढायचा, हे मार्चमध्येच ठरलं होतं. संपादकीय मात्र आम्ही आमच्या ख्रिस्ती वाचकांना उद्देशून लिहीत आहोत. इतर वाचकांनी शेजारच्या ओटीवरचं बोलणं ऐकावं तसं ते ऐकावं. काही त्यांच्याही उपयोगाचं निघेल.

निराधार मुलांना आसरा देण्यात महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्या कधी मागे नव्हत्या. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन परतल्या. १९००च्या सुमारास केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दीड हजारांच्या आसपास माणसं राहत होती. त्याच काळात अमेरिकन मराठी मिशनने नगरच्या बाजूला दुष्काळातली पोरकी मुलं सांभाळली. आमच्या कितीतरी वाचकांची वंशावळ तिसऱ्या-चौथ्या पिढीला एखाद्या बोर्डिंगच्या रजिस्टरपाशी येऊन थांबते. रमाबाईंपुढे ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचा आदर्श होता. १८३६ साली भाड्याच्या घरात सुरू झालेलं त्याचं काम १८७०पर्यंत पाच अवाढव्य इमारतींत गेलं आणि तिथे दोन हजार मुलांची सोय झाली. माणसं रस्त्यावर मरत होती तेव्हा आधी छप्पर उभारणं, हेच शहाणपणाचं होतं.

दुष्काळ गेला, छप्पर राहिलं. निराधार मूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लांबलचक इमारत, ओळीने लोखंडी खाटा आणि जेवणाची घंटा एवढंच येतं. ख्रिस्ती परंपरेत ही इमारत तशी उशिराच आली. तिसऱ्या शतकात सिरियाकडे रचलेल्या ‘डिडास्कालिया’ या ग्रंथात पोरक्या मुलांची व्यवस्था सांगितली आहे, ती साधी आहे: ज्या घरात मूल नाही, त्या घराने पोरकं मूल आपलं म्हणून वाढवावं. (मुलगी असेल आणि घरात मुलगा असेल, तर वयात आल्यावर दोघांचं लग्न लावून द्यावं, असंही त्यात सुचवलं आहे. ही सूचना आजच्या बालकल्याण समितीपुढे मांडण्याचं धाडस कुणी करू नये.)

मुलाला घर हवं, हे आज आपण केवळ भावनेने म्हणत नाही. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट १९८९मध्ये कोसळल्यावर रोमानियातल्या अनाथालयांची अवस्था जगापुढे आली. पुढे बुखारेस्टमध्ये संशोधकांनी तिथल्या १३६ तान्ह्या-रांगत्या मुलांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. निम्मी मुलं कुटुंबांत राहायला गेली, बाकीची संस्थेतच राहिली. बुद्ध्यंक, बोलणं, माणसाशी जीव जडणं, या सगळ्यांत कुटुंबात गेलेली मुलं पुढे निघाली. वयाची दोन वर्षं भरण्याआधी गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. खाणंपिणं, औषधपाणी संस्थेतही होतंच. तिथे रोज तेच माणूस नव्हतं.

आपला २०१५चा बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचा उपाय मानतो. त्याच्या ४४व्या कलमात प्रतिपालकत्वाची, म्हणजे बोलीभाषेतल्या फॉस्टर केअरची, तरतूद आहे. दत्तकात मूल कायमचं तुमचं होतं. इथे बालकल्याण समिती ते तुमच्या घरी ठरावीक काळासाठी सोपवते, अधूनमधून पाहणी करते, आणि आईवडिलांची परिस्थिती सुधारली तर मूल परत जातं. संस्थांमधल्या सहा वर्षांवरच्या मुलांना प्रामुख्याने याचा उपयोग व्हावा अशी कल्पना आहे, कारण दत्तक घेणाऱ्यांना तान्हं बाळ हवं असतं आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाकडे कुणी वळून बघत नाही. २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३५ ते ६० वयाची अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तीही मूल सांभाळू शकते, आणि दोन वर्षांनी, दत्तक द्यायला मूल कायद्याने मोकळं असेल तर, त्याला दत्तकही घेता येतं. मिशन वात्सल्य योजनेतून मुलामागे महिना ४,००० रुपये मिळण्याची सोय आहे.

‘ठरावीक काळासाठी’ हे ऐकलं की माणसं मागे सरतात. जीव लावायचा आणि परत द्यायचं? या प्रश्नाचं उत्तर खरं तर आपल्याच आधीच्या पिढीकडे आहे. हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती माणसाला लागू नव्हता, त्यामुळे परकं मूल वाढवणाऱ्या ख्रिस्ती जोडप्याला १८९०च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं. मूल सज्ञान झालं की कागदावरचं नातं संपलं; वारसाहक्क वगैरे दूरच. १९९९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर दत्तकाचा रस्ता खुला केला, पुढे बाल न्याय कायद्याने तो रुंद केला, आणि दत्तकाचा हा मार्ग कुठल्याही धर्माच्या माणसाला खुला आहे यावर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. पण त्याआधी कितीतरी जणांनी कागदाची पर्वा न करता पोरं वाढवली, शिकवली, त्यांची लग्नं लावून दिली. कायद्याने आपलं नसलेलं मूल पोटच्यासारखं सांभाळणं आपल्याला नवं नाही.

वसईच्या बाजूला एका घरात आम्ही यंदा गेलो होतो. पन्नाशीचं जोडपं, मुलगा आखातात नोकरीला, घरात नऊ वर्षांची एक मुलगी. ती आली तेव्हा जेवून झाल्यावर ताट घासून, पुसून, पलंगाखाली आपल्या पिशवीत ठेवायची. फ्रिजला महिनाभर हात लावला नाही. एके दिवशी गादी झटकताना उशीखाली अडीच पोळ्या निघाल्या, वाळून कडक झालेल्या. मावशींनी (मुलगी त्यांना मावशीच म्हणते) पोळ्या होत्या तिथेच ठेवल्या आणि बिस्किटांचा एक डबा तिच्या उशाशी आणून ठेवला. ‘हा तुझा. संपला की मला सांग.’ पहिले पंधरा दिवस डबा रोज रिकामा व्हायचा. मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. आम्ही गेलो तेव्हा त्यातली बिस्किटं सादळली होती.

या घरात सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला, असं आम्ही विचारलं. मुलीचा नाही, समितीच्या चकरांचाही नाही. ‘रविवारी मिस्सा सुटल्यावर,’ मावशी म्हणाल्या. ‘प्रत्येक जण तिच्यासमोरच विचारणार: कुणाची गं ही? आई कुठे असते हिची? आणि मग तिच्या गालावरून हात फिरवून, बिच्चारी.’

धर्मग्राम (पॅरिश) किंवा मंडळी काय करू शकते, याची सुरुवात इथून होते: तोंड आवरण्यापासून. मुलाची कहाणी मुलाची असते. ती सोपवणाऱ्या समितीला माहीत आहे, सांभाळणाऱ्या घराला माहीत आहे, तेवढं पुरे.

नंतर हाताचं काम. प्रत्येक घराने मूल घरी आणावं, असं आमचं म्हणणं नाही. प्रत्येक घराला ते जमणार नाही आणि जमतं असा आव आणणाऱ्या घरांची आम्हांला जास्त धास्ती वाटते. शिकागोच्या फादर जॉर्ज क्लेमेंट्स यांनी १९८०मध्ये आपल्या कृष्णवर्णीय बांधवांपुढे हिशोब मांडला होता: एका चर्चमागे एका मुलाला घर मिळालं तरी पुष्कळ झालं. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः एक मुलगा दत्तक घेतला. कॅथलिक धर्मगुरूने! आपल्याकडेही एका धर्मग्रामात एक घर पुढे आलं तरी चालेल, पण मग त्याच्यामागे दहा घरं हवीत. मूल आल्यावर पहिला महिना संध्याकाळचा डबा कुणी द्यायचा. गणितात दोन इयत्ता मागे असलेल्या पोराची शिकवणी कोणत्या निवृत्त बाईंनी घ्यायची. समितीच्या तारखेला मावशींसोबत कोण जाणार. घरात मयत झाली, इस्पितळात राहावं लागलं, तर दोन दिवस मूल कुणाकडे. हे शेवटचं घर आधीच ठरवून समितीच्या कानावर घालावं लागतं, ऐनवेळी शेजारी सोडून चालत नाही. सेंट विन्सेंट दी पॉल सोसायटीची माणसं १८३३पासून घरोघरी जाऊन विचारपूस करताहेत. कितीतरी धर्मग्रामांत त्यांची बैठक नियमित भरते. माणसं आहेत, सवयही आहे.

आणि एक काम याच्याही आधीचं. बालगृहातली पुष्कळ मुलं अनाथ नसतातच. बाप दारूने गेलेला, आई धुणीभांडी करणारी. किंवा घर ऊसतोडीला सहा महिने बाहेर. किंवा आईने दुसरं लग्न केलं आणि नव्या घरात पोराला जागा नाही. कोरोनाने तर तरण्याताठ्या बायका एकट्या पडल्या. अशा आईला वेळेवर आधार मिळाला तर मूल घराबाहेर पडतच नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं खातं, आणि प्रत्येक कागदासाठी एक खाडा. रोजावर काम करणाऱ्या बाईला चार खाडे परवडत नाहीत. आपल्या प्रत्येक मंडळीत तलाठी कचेरीतून, शाळेच्या ऑफिसातून, बँकेतून निवृत्त झालेली माणसं आहेत, ज्यांना दाखल्यांची भाषा तोंडपाठ आहे. त्यांनी रविवारी उपासनेनंतर तासभर टेबल टाकून बसावं, आणि समोर येणारी बाई कुठल्या जातीधर्माची हे विचारू नये. आमच्या मते पहिलं काम हेच. त्यात फोटो निघत नाही, म्हणून ते मागे पडतं.

जातीधर्माचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकू. समिती जे मूल सोपवील ते बहुतेक वेळा ख्रिस्ती नसेल. ते हिंदू असेल, मुसलमान असेल, आणि त्याच्या घरची वाट त्याच्यासाठी खुली ठेवायची आहे. मुलाचा धर्म, भाषा, रीतिरिवाज तुटू नयेत हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात लिहिलेलं आहे आणि भारत त्या कराराला १९९२पासून बांधील आहे. तेव्हा त्या मुलाच्या दिवाळीला तुमच्या दारात आकाशकंदील लागेल, त्याचा रोजा असेल तर इफ्तारीला खजूर येतील. आणि बाप्तिस्म्याचा विषय निघणार नाही. ‘आपल्या विश्वासाची साक्ष मग द्यायची कशी?’ असं एका तरुण पाळकांनी आम्हांला विचारलं. उशाशी ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्याने, असं आम्ही म्हणालो. त्यांचं समाधान झालं नाही, पण आमचं मत तेच आहे. ज्यांना हे जाचक वाटतं त्यांनी कॅनडाकडे पाहावं. तिथल्या आदिवासी मुलांना घरांपासून, भाषेपासून तोडून ख्रिस्ती निवासी शाळांत कोंबलं गेलं आणि २०२२मध्ये पोप फ्रान्सिस यांना तिथे जाऊन क्षमा मागावी लागली. आपल्यावर धर्मांतराचे आरोप होतात, त्यांतले पुष्कळ निराधार असतात. पण लहान मुलाच्या बाबतीत संशयाला फटसुद्धा राहता कामा नये.

आपल्याही काही आग्रहांचा पुन्हा विचार व्हायला हवा. एकट्या व्यक्तीला मूल दत्तक देण्याच्या नियमावरून २०१५मध्ये मिशनरीज ऑफ चॅरिटीने आपली दत्तक केंद्रं बंद केली. सिस्टरांच्या सेवेपुढे नतमस्तक होऊनही आम्हांला तो निर्णय तेव्हा पटला नव्हता, आजही पटत नाही. आपल्या समाजात चाळिशी-पन्नाशीच्या अविवाहित शिक्षिका, परिचारिका थोड्या नाहीत. भावंडांची पोरं त्यांनीच वाढवली, म्हाताऱ्या आईबापांचं त्यांनीच केलं. आता कायदा त्यांना दार उघडून देतो आहे, तर धर्मगुरूंनी आणि पाळकांनी वेदीवरून ते मोठ्याने सांगावं.

राहता राहिला परत देण्याचा दिवस. कुणाच्या घरी मयत झाली तर सगळा गाव ओटीवर येऊन बसतो. दोन वर्षं सांभाळलेलं मूल आईकडे परत गेलं, तर त्या घरी कुणी फिरकत नाही. उलट ‘सुटलात एकदाच्या’ म्हणणारे भेटतात. त्या आठवड्यात जाऊन बसणं, हेही मागच्या दहा घरांचंच काम. मूल सुखरूप परत गेलं म्हणजे या घराने आपलं काम चोख केलं, हे त्या घराला कुणीतरी तोंडाने सांगायला हवं.

अंकात पुढे बालगृहात वाढून आज स्वतःचं घर थाटलेल्या माणसांची मनोगतं आहेत, दोन कथा आहेत, आणि कागदपत्रांची अडचण कशी सोडवावी यावर एका निवृत्त परिविक्षा अधिकाऱ्यांचा लेख आहे. जानेवारीच्या अंकापासून याच विषयावर दर महिन्याला एक पान द्यायचं ठरवलं आहे. प्रतिपालकत्वाच्या अर्जांची छाननी जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. अर्ज करताना आलेले अनुभव, अडलेले प्रश्न पाठवा. मुलांची आणि घरांची नावं छापणार नाही.