दाब, दडपण आणि भीड

आमच्या शाळेंत सातवीच्या वर्गाला गेल्या पंधरवड्यांत 'दाब' हा पाठ शिकवावयाचा होता. फळ्यावर लिहिण्यापूर्वीं मुलांस विचारलें, "दाब म्हणजे काय रे?" कुंभाराचा पोर म्हणाला, "मातीला अंगठ्यानें देतात तो." एक मुलगी म्हणाली, "आजीला असतो. तिची गोळी सरली आहे." मागच्या बांकावरून आवाज आला, "लाइनीला नसतो, म्हणून मोटर जळते." आणि एक पोर जरा थांबून म्हणाला, "बापावर आहे, कर्जाचा." पुस्तकांत यांपैकीं पहिलाच अर्थ होता. बाकीचे आमच्या वाचकांच्या घरांतले आहेत, म्हणून त्यांविषयीं चार शब्द लिहितों.

पुस्तकांतला दाब कळण्यास लोहाराच्या भात्याशीं जाऊन बसावें. विळ्याला धार कां लावतात? हाताचा जोर तोच. पण धारेमुळें तो केसाएवढ्या जागेवर येतो आणि ताट तुटतें. बोथट विळ्यानें तोच जोर रुंद जागेवर पसरतो आणि हात तेवढा दुखतो. जोर भागिले जागा, एवढाच हिशेब. डोक्यावरच्या ओझ्याखालीं चुंबळ घेतात तीहि याच हिशेबानें. आमच्या आयाबहिणींनीं तो शाळेंत न जातां केला आहे.

हवेलाहि भार आहे, यावर मात्र लोकांचा विश्वास बसत नाहीं. नखाएवढ्या जागेवर हवा सुमारें १ किलोचा भार ठेवून असते. १६४३ च्या सुमारास इटलींत तोरिचेल्ली या विद्वानानें पाऱ्याच्या नळीनें हें दाखविलें. पंप पाणी 'ओढतो' असें आपण म्हणतों. खरें पाहतां तो नळींतली हवा काढतो, आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. हें ढकलणें फार तर १० मीटरांपर्यंत. व्यवहारांत सात-आठ मीटरांपुढें भरंवसा नाहीं. म्हणून तर पूर्वीं विहिरींत टप्पा खोदून पंप खालीं उतरवीत. मोटेला ही अडचण नव्हती. ती पाणी सरळ उचलून आणी. ज्यानें कर्ज काढून मोठें इंजिन आणलें आणि पंप काठावरच ठेवला, त्याचे पैसे हवेनें खाल्ले. आतां पाण्यांत बुडणाऱ्या मोटरी आल्या. त्या खालून ढकलतात, त्यामुळें हें संकट टळलें.

एकाच शब्दाची गंमत पाहा. बंगालच्या उपसागरावर दाब कमी झाला कीं आपण आभाळाकडे पाहतों, कारण वारा चोहोंकडून तिकडे धांवतो, ओल घेऊन वर चढतो व पाऊस देतो. तोच दाब तारेंत कमी झाला कीं मोटर तेंच काम करण्यासाठीं जास्त प्रवाह ओढते, तापते, आणि आंतली गुंडाळी जळते.

अंगांतल्या दाबाची गोष्ट याहून अवघड. डॉक्टर रक्तदाबाचे दोन आंकडे सांगतात. १२० वर ८० च्या आसपास असला तर ठीक; पुनःपुन्हां मोजूनहि १४० वर ९० किंवा अधिक आला तर वाढलेला समजतात. इंग्रजी नांवांत 'टेन्शन' हा शब्द आहे, म्हणून लोक म्हणतात, "मला कसलें टेन्शन नाहीं, मला हा रोग कुठला?" तें टेन्शन मनाचें नव्हे, रक्तवाहिनीच्या भिंतीवर पडणाऱ्या ताणाचें. गडी हसतमुख असेल, शेतांत राबत असेल, कांहींहि दुखत नसेल, आणि एके दिवशीं तोंड वांकडें होऊन अर्धें अंग जातें. वर सांगितलेल्या मुलीच्या आजीनें "आतां बरें वाटतें" म्हणून गोळी थांबविली होती. दाब उतरला म्हणजे गोळी काम करीत आहे, रोग गेला असें नव्हे. आम्ही त्या मुलीबरोबर चिठ्ठी पाठविली. आजी उपकेंद्रांत जाऊन आली.

आतां त्या चौथ्या पोराच्या उत्तराकडे येतों. माणसावर माणसानें घातलेल्या दाबाला आपल्या भाषेंत एक नांव नाहीं, अनेक आहेत: धाक, दडपण, दबदबा, वजन, भीड. यांतला फरक न कळल्यानें घरें बुडतात.

आमच्या गांवीं एक सुतार आहे. वर्षाचें बरेंचसें काम ज्याच्या वाड्यावर, तो गृहस्थ एके संध्याकाळीं कागद घेऊन आला, बाजेवर बसला, चहा प्याला, म्हणाला, "तुझी नुसती सही पाहिजे." धाक नाहीं, शिवी नाहीं. सुतारानें जामीन म्हणून सही केली. पुढें कर्ज थकलें आणि मागणी सरळ सुताराच्या दारीं आली. तो आम्हांस विचारतो, "गुरुजी, आधीं त्याला कां धरीत नाहींत?" १८७२ च्या करार कायद्याचें कलम १२८ असें आहे कीं, करारांत वेगळें लिहिलें नसेल तर जामिनाची जबाबदारी ऋणकोच्या बरोबरीची. 'नुसती सही' असें कांहीं कायद्यांत नाहीं.

त्याच कायद्यांत धाकानें घेतलेल्या संमतीला कलम १५ आहे. ज्याचा दुसऱ्याच्या मनावर वरचष्मा आहे त्यानें तो वापरून गैरफायदा घेतला तर कलम १६ आहे. असें सिद्ध झालें तर दबलेल्या माणसाला करार मोडून मागतां येतो. पण त्या संध्याकाळीं सुताराला कोणीं दाबलें? त्याचें त्यालाच वाटलें कीं नाहीं म्हणणें बरें दिसणार नाहीं. अशा भिडेला कलम नाहीं. भीड भिकेची बहीण, असें आपले वडील म्हणत; कोर्टांत तिची साक्ष कोणी घेत नाहीं.

आमच्यासारख्या मास्तरांनाहि ही भीड सोडीत नाहीं. आम्हीहि अशा दोन सह्या केल्या आहेत. एकीचे हप्ते अजून चालू आहेत. म्हणून उपदेशाचा अधिकार सांगत नाहीं, अनुभव सांगतों. कागद आला कीं 'उद्यां सांगतों' म्हणावें आणि कागद घरीं ठेवून घ्यावा. रात्रीं शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून तो मोठ्यानें वाचवून घ्यावा, घरची बाई जवळ असावी. रक्कम किती, मुदत केव्हांची, व्याज काय, आणि मूळ ऋणकोच्या नांवावर आहे काय, हें विचारावें. जो कागद एक रात्र ठेवूं देत नाहीं, त्याला त्याच दारानें परत पाठवावें. गृहस्थ रागावेल. कदाचित् वर्षाचें कामहि जाईल. सुताराला तेंच भय होतें, आणि तें खोटें नव्हतें. पण काम त्याचें तरीहि गेलें, आणि हप्ते राहिले.

परवां तो वर्गांतला मोडका बांक दुरुस्त करावयास आला होता. रंधा चालवतां चालवतां त्यानें पाठ ऐकला आणि विचारलें, "यांत भीड येते कां, गुरुजी?" पुस्तकांत ती नाहीं. येत्या सोमवारीं जामीनखताचा एक कोरा नमुना आणून सातवीच्या मुलांकडून वाचवून घेणार आहों. सुतारानें त्या दिवशीं येऊन बसण्याचें कबूल केलें आहे.