वीरगळ कीं आरोपपत्र?

वाहनाखालीं सांपडून मेलेल्या सायकलस्वाराच्या स्मरणार्थ मृत्यूच्या जागींच एक पांढरी सायकल उभी करण्याची चाल २००३ सालीं अमेरिकेंतील सेंट लुईस शहरीं सुरू झाली व पुढें अनेक देशांत पसरली. माजिवड्यापासून गायमुखापर्यंत, घोडबंदर रस्त्यावर, मालमोटारींच्या रांगेंतून सायकल हाकणारांचें जिणें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ही चाल ठाण्यांतही यावी असें वाटल्यास नवल नाहीं. आक्षेप मात्र दोन येतील: रहदारीस अडथळा होईल, आणि येतां-जातां मरणाचें दर्शन अशुभ.

जेथें पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फलक पदपथ अडवून उभे राहतात, तेथें पहिला आक्षेप घेणें धाडसाचेंच होय. दुसऱ्याचें उत्तर पूर्वजांनीं देऊन ठेविलें आहे. ठाणें ज्या साष्टी बेटावर वसलें आहे त्याच बेटावर एकसर येथें वीरगळ आहेत. त्यांवर गलबतांची लढाई व तींत पडलेल्या वीरांचें स्वर्गारोहण कोरलेलें आहे. मरणाच्या खुणेला ते लोक भ्याले नाहींत.

परंतु साम्य येथेंच संपतें, आणि माझा खरा वाद आहे तो स्मारकाच्या कैवाऱ्यांशीं. वीर स्वेच्छेनें रणांत उतरतो. पहाटे दूध घालणारा, रात्रपाळीहून परतणारा रखवालदार, शिकवणीस निघालेला मुलगा, यांनीं कोणतें रण मागितलें होतें? त्यांस 'हुतात्मा' म्हणून हार घालणें म्हणजे रस्ता बांधणारांस व राखणारांस दोषमुक्त करणें होय. हार वाळतो, खड्डा राहतो.

हॉलंडांत १९७१ सालीं सुमारें ३,३०० माणसें रस्त्यांवर मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेथील आईबाप शोक करीत बसले नाहींत. 'मुलांचे खून थांबवा' या नांवानेंच त्यांनीं चळवळ उभारली, आणि सायकलींचे स्वतंत्र मार्ग हें बऱ्याच अंशीं तिचें फळ आहे. भारतांत २०२२ सालीं १,६८,४९१ माणसें रस्त्यांवर मेलीं. कायदा नाहीं असें नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनें सदोष रस्त्यापायीं मृत्यु घडल्यास जबाबदार यंत्रणेस वा ठेकेदारास एक लाखापर्यंत दंडाची तरतूद झाली. २०२५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें खड्ड्याच्या बळीच्या वारसांस सहा लाखांची भरपाई ठरविली. उणीव आहे ती आरोप उघडपणें लिहिण्याची.

म्हणून पांढरी सायकल उभी करावीच. पण तिच्याखालीं स्तुति नको. मृत्यूची तारीख, कारण, रस्ता ज्याच्या ताब्यांत त्या कार्यालयाचें नांव, आणि दोष दुरुस्त झाला कीं नाहीं, एवढेंच लिहावें. दोष दूर होईतों तिला कोणीही हात लावूं नये. झाला कीं ती काढावी. वीरगळ चिरकाल टिकावा म्हणून उभारीत; ही सायकल लवकर निघावी म्हणूनच उभारावयाची आहे.