पुढच्या भागात सगळं ओके!

गेल्या रविवारी दादा घरी आला आणि आल्याआल्या रिमोटवर कब्जा केला. साहेब लहानपणी 'कॅप्टन व्योम'चे कट्टर भक्त. १९९८, दूरदर्शन, केतन मेहतांची मालिका आणि अंतराळात मिलिंद सोमण! (मी तेव्हा झबल्यात.) त्यामुळे यान, लेझर आणि थोडा धूर एवढ्यावर तो खूश. त्यानं लावली 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर'. १९९५ ते २००१, सात सीझन.

सेटअप सॉलिड आहे, मान्य. पृथ्वीपासून ७० हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलेलं यान, घरी पोचायला ७५ वर्षं. वाटेत ना गॅरेज, ना रिफिल. टॉर्पेडो फक्त ३८, नवे मिळणार नाहीत, असं सुरुवातीलाच सांगितलं जातं. मी सरसावून बसले. पण पुढे टॉर्पेडो सुटतच राहिले, ३८ चा आकडा कधी मागे पडला कुणाला पत्ता नाही. या आठवड्यात फुटलेलं यान पुढच्या आठवड्यात शोरूममधून आल्यासारखं चकाचक. कळस म्हणजे १९९७ चा 'इयर ऑफ हेल'. दोन भाग यानाच्या चिंधड्या, तुवॉक आंधळा, माणसं मेलेली आणि शेवटी काळच मागे फिरतो. कुणाला काही आठवत नाही! मग मी इतका वेळ जीव टांगणीला का लावला होता?

'टाइमपास आहे गं, एवढा काय विचार करतेस,' इति दादा.

हे कोण बोलतंय? जुलै २०१८ मध्ये वसई बुडाली, तेव्हा आमच्या होळीतल्या घरात गुडघाभर पाणी होतं. वीज गेलेली, लोकल बंद. पाणी उतरलं, पण आजीच्या लग्नाचे फोटो लगदा होऊन गेले. नवा फ्रिज आणि कपाट घेण्यात दादाचे बाइकसाठी साठवलेले पैसे संपले. आजही आभाळ भरून आलं की आई आधी पासबुकं माळ्यावर टाकते. याला म्हणतात वर्ल्ड बिल्डिंग, आणि आईनं मासकॉम केलेलं नाही.

जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये बदल केवढा? १७६१ मध्ये विश्वासरावांना गोळी लागत नाही, चाटून जाते. बस्स! पण मग मराठे जिंकतात आणि कथेतल्या मुंबईच्या गाडीच्या डब्यांवर युनियन जॅक दिसतो, ईस्ट इंडिया कंपनी अजून धंदा करत असते. एक धागा ओढला तर अख्खं कापड हललं पाहिजे, हे त्यांना ठाऊक होतं.

रोनाल्ड मूर 'व्हॉयेजर'च्या लेखकांमध्ये थोडेच दिवस टिकला. २००४ पासून त्यानं 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' मालिका चालवली. तिथे जेमतेम ५० हजार माणसं उरलीत आणि राष्ट्राध्यक्ष बाई तो आकडा फळ्यावर लिहून ठेवतात. कुणी मेलं की पुसून नवा. 'वॉटर' भागात पाण्याच्या टाक्या उडवल्या जातात, निम्म्याहून जास्त पाणी जातं. मग बर्फ फोडायला माणसं हवीत, ती कुठून? कैद्यांच्या जहाजावरून. तिथून राजकारण पेटतं. सगळं एका टाकीपायी.

मी तोच भाग लावला. टाक्या फुटल्या आणि दादा पहिल्यांदाच गप्प झाला. मग एकदम घड्याळाकडे बघून म्हणाला, 'पॉज कर. पंप लावायचा राहिलाय.'